लाकडी जमिनीची निगा

घराच्या स्वच्छतेविषयी आपल्या भाषेत जे शब्द आहेत, त्यांतले पुष्कळसे पाण्याने भिजलेले आहेत. सडा घालावयाचा तो पाण्याचा. सारवावयाचे ते शेणकाल्याने. पोतेरे फिरवावयाचे ते ओले. आणि सणावाराच्या आधी घर स्वच्छ करावयाचे म्हणजे ते धुऊनच काढावयाचे. मातीच्या जमिनीला हे सारे मानवत असे, किंबहुना त्यावाचून तिचे भागत नसे. कारण सारवण थांबले की जमीन उकलते आणि धूळ उडू लागते. पुढे घरोघर शहाबादी फरशी आली, मोझेक आले, चकचकीत लाद्या आल्या. त्यांनाही पाण्याचे भय नव्हते. त्यामुळे पाणी म्हणजे स्वच्छता हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के झाले आहे की, पाण्यावाचून स्वच्छ केलेली वस्तू आपल्याला अर्धवटच स्वच्छ वाटते.

या समीकरणाला ठाम नकार देणारी एक जमीन आहे, आणि ती म्हणजे लाकडाची. तिच्यावर बादलीभर पाणी ओतून केलेली स्वच्छता ही तिची हानी असते. ती कशी, आणि मग या जमिनीची निगा राखावी तरी कशी, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

लाकडी जमीन ही केवळ परदेशी किंवा श्रीमंती चैनीची वस्तू आहे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. पुण्यातील जुन्या वाड्यांची माडी कडीपाटावर उभी असे. तुळया, त्यांवर कड्या आणि कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी. मग कुठे त्या फळ्यांवर मातीचा थर देऊन सारवण केलेले असे, तर कुठे फळ्या तशाच उघड्या असत. मुंबईतील कितीतरी जुन्या चाळींचे मजले लाकडी तुळयांवर आणि फळ्यांवर उभे राहिले. गोव्यातील दुमजली घरांच्या वरच्या मजल्यावर आजही लाकडी जमीन दिसते. नोकरीनिमित्त सिमल्याला किंवा काश्मीरला राहिलेल्या मराठी कुटुंबांना देवदाराच्या जमिनीची ओळख असेलच. आणि आता दिल्ली, बंगळूर, पुणे येथील नव्या सदनिकांत निदान एका खोलीला लाकडी जमीन करून घेण्याची आवड वाढत आहे. म्हणजे ज्यांनी ही जमीन वारशाने मिळवली ते, आणि ज्यांनी ती हौसेने विकत घेतली ते, अशा दोघांपुढेही प्रश्न एकच आहे.

नावाविषयी प्रथम एक खुलासा केला पाहिजे. बाजारात 'कठीण लाकूड' हा शब्द वापरतात, तेव्हा त्याचा अर्थ नेहमी कठीणपणाशी निगडित नसतो. वनस्पतिशास्त्रात रुंद पानांच्या वृक्षांच्या लाकडाला कठीण म्हणतात, आणि सुईसारख्या पानांच्या वृक्षांच्या लाकडाला मृदू. साग, शिसव, ओक ही पहिल्या वर्गातली; देवदार आणि चीड दुसऱ्या वर्गातली. खेळण्यातली विमाने ज्या हलक्या बाल्साच्या लाकडाची करतात, तेही या हिशेबाने कठीणच ठरते! तेव्हा नावावर न जाता, आपल्या पायांखाली प्रत्यक्ष कोणते लाकूड आहे हे जाणून घ्यावे. देवदारावर खुर्चीचा पाय चटकन उमटतो, सागावर तितका उमटत नाही. परंतु पाण्याशी असलेले वैर मात्र सर्वांचेच आहे.

या वैराचे कारण लाकडाच्या घडणीत आहे. वृक्ष उभा असताना ज्या सूक्ष्म नळ्यांतून मुळांचे पाणी शेंड्यापर्यंत जात असे, त्याच नळ्यांची फळी झालेली असते. वृक्ष तोडला, फळी वाळली, तरी हवेतील बाष्प घेण्याचा आणि सोडण्याचा तिचा स्वभाव जात नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी राहते; आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की ते सुमारे १६ टक्क्यांपर्यंत चढते. पुण्यासारख्या गावी एप्रिलच्या दुपारची हवा आणि जुलैच्या पहाटेची हवा यांत एवढे अंतर सहज पडते.

पाणी घेतलेले लाकूड फुगते. पण ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढते ते रुंदीत. सागाची १० सेंटिमीटर रुंदीची फळी या दोन टोकांमध्ये, तिच्या चिरण्याच्या दिशेप्रमाणे, १ ते २ मिलिमीटर कमीअधिक होऊ शकते. हा फरक एका फळीपुरता क्षुल्लक वाटेल. पण खोलीत अशा तीस फळ्या शेजारी शेजारी असतात. घरात हवामानाचा फेरा इतका पूर्ण होत नाही, म्हणून प्रत्यक्ष हालचाल याहून कमी राहते. तरीही जाणता कारागीर भिंतीलगत १० ते १२ मिलिमीटर मोकळी जागा सोडतो आणि वरून पट्टी मारून ती झाकतो. ती फट म्हणजे कामातली कसूर नव्हे, लाकडाला दिलेली श्वास घेण्याची जागा होय. उन्हाळ्यात फळ्यांमध्ये बारीक भेगा दिसू लागल्या म्हणजे काही गृहस्थ त्यांत लगेच लांबी भरून घेतात. पावसाळ्यात फळ्या फुगतात, लांबी बाहेर फेकली जाते, आणि कधी कधी जमीनच उचलली जाते. उन्हाळ्याची भेग पावसाळ्यात आपोआप मिटते. तिला वाट पाहण्यापलीकडे उपचार नको.

आता रोजच्या स्वच्छतेकडे वळू. लाकडी जमिनीचा पहिला शत्रू पाणी, तर दुसरा वाळू. आपल्या पायांबरोबर जी धूळ घरात येते, तिच्यात गारगोटीचे बारीक कण असतात. ही गारगोटी पोलादाच्या सुरीहूनही कठीण असते, मग तिच्यापुढे लाकडावरच्या पातळ रोगणाचा काय पाड! असे कण पायांखाली रगडले गेले म्हणजे जमिनीवर काचकागद फिरवल्यासारखेच होते. ज्या वाटेने माणसे येतात-जातात तेथेच चकाकी आधी जाते, याचे कारण हेच. दाराबाहेर चपला काढण्याची आपली जुनी रीत या बाबतीत कोणत्याही महागड्या औषधापेक्षा गुणकारी आहे. दाराबाहेर काथ्याचे आणि दाराच्या आत सुती असे दोन पायपुसणे ठेवावेत. रबराच्या पाठीचे पायपुसणे मात्र टाळावे. त्याच्याखाली ओल कोंडते आणि लाकडाचा रंग बदलतो.

केर रोज काढावा, आणि तो मऊ कुंच्याने. खराटा किंवा ताठ काड्यांचा झाडू येथे चालत नाही. फळ्यांच्या सांध्यांतली धूळ केर काढण्याच्या यंत्राने निघते. मात्र त्याच्या तोंडाला मऊ केसांचा ब्रश असावा. त्यानंतर आठवड्यातून एकदा पुसणे पुरे. पुसण्याचे फडके पाण्यात बुडवून इतके पिळावे की त्यातून एकही थेंब पडू नये. ते फळीच्या रेषेच्या दिशेने फिरवावे आणि लगोलग कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. याची एक सोपी कसोटी आहे. पुसल्यानंतर मिनिटभरात जमीन वाळली, तर पाण्याचे प्रमाण बरोबर होते. ओल रेंगाळली, तर ते जास्त होते. वाफेने पुसणारी यंत्रे अलीकडे फार प्रचारात आली आहेत. लाकडी जमिनीवर ती वापरू नयेत. उष्णता आणि बाष्प ही जोडी सांध्यांत शिरली की रोगण सुटू लागते.

येथे आपल्या स्वयंपाकघरातील उपायांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. लिंबू, चिंच, शिरका, धुण्याचा सोडा यांनी तांब्यापितळेची भांडी आणि लाद्या लख्ख होत असतील. पण रोगण आम्लानेही मंदावते आणि क्षारानेही. खोबरेल तेलाची मोहीम तर याहून फसवी. तेल चोळल्याबरोबर जमीन झळकते, मन प्रसन्न होते, आणि आठवड्याभरात त्याच तेलावर धुळीचा चिकट थर बसतो. याचे कारण असे की, खोबरेल तेल कधी वाळत नाही. जवसाचे तेल मात्र हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, आणि म्हणूनच सुतार लाकडासाठी ते निवडतो.

परंतु जवसाच्या तेलाबरोबर एक सावधगिरी येते, आणि ती प्रत्येक घराला ठाऊक असली पाहिजे. हे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली, तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावताही फडकी पेटू शकतात. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका ३८ मजली इमारतीला आग लागली. तिचे मूळ बाविसाव्या मजल्यावर पडून राहिलेल्या, जवसाच्या तेलाने माखलेल्या अशा चिंध्यांत सापडले. लाकूडकाम नवे करण्यासाठी त्या वापरल्या होत्या. त्या आगीत तीन अग्निशामक जवान मृत्यू पावले. काम संपताच अशी फडकी मोकळ्या हवेत सुटी पसरून वाळवावीत, किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. लाकडी जमिनीच्या कामी बादलीभर पाण्याचा खरा उपयोग होतो, तो असा!

निगेची पुढची पायरी म्हणजे जमिनीवर कोणता लेप आहे ते ओळखणे. आपण लाकूड पुसतो असे म्हणतो, पण प्रत्यक्षात त्याच्यावरचा लेप पुसत असतो. कोपऱ्यात, सहज न दिसणाऱ्या जागी, पाण्याचे दोन थेंब ठेवून पाहावे. दहा मिनिटांनी थेंब तसेच उभे असतील, तर वर पक्के पटल आहे. थेंबाखाली पांढरट डाग आला, तर मेणाचा संभव आहे. थेंब आत मुरला आणि लाकूड काळवंडले, तर तेलाचा लेप आहे किंवा लेप झिजून गेला आहे. जुन्या घरांत लाखेचे पॉलिश असते. स्पिरिटाचा बोळा लावताच ते मऊ पडते. नव्या घरांत बहुधा पॉलियुरेथेन असते. या द्रव्याच्या जातीचा शोध १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांचे सहकारी यांनी लावला.

मेणाच्या जमिनीला वर्षातून एकदोनदा पातळसे मेण लावून मऊ कापडाने घोटावे. तेलाच्या जमिनीला, ती रुक्ष दिसू लागली म्हणजे, तेलाचा हात द्यावा आणि न मुरलेले तेल पुसून काढावे. पॉलियुरेथेनला यांपैकी काहीच नको. त्याच्यावर हौसेने मेण चढवले, तर जमीन निसरडी होते. आणि पुढे नवा हात देण्याची वेळ आली म्हणजे तो मेणावर धरत नाही.

डागांचेही दोन वंश आहेत. पांढरा डाग म्हणजे ओल लेपातच अडकली आहे. गरम भांडे किंवा ओला पेला ठेवल्याने असा डाग पडतो, आणि तो बहुधा सुसाध्य असतो. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करण्याची कृती आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होती. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि हिराकशीतील लोह यांच्या संयोगाने ती शाई होते. लाकडातही तसेच तुरट द्रव्य असते. त्याला ओले लोखंड भेटले की जमिनीवर शाईच तयार होते. गॅसच्या सिलिंडरखाली उमटलेले काळे वर्तुळ हे अशाच शाईचे असते. लोखंडी घासणीने जमीन घासली, तर तिचे तुटलेले तंतू ओल मिळताच तेच करतात. सिलिंडरखाली लाकडी किंवा प्लॅस्टिकची चकती ठेवावी, कुंड्यांखाली ताटली ठेवून ती पायांवर उचललेली असावी, दिवाळीत पणत्या जमिनीवर न ठेवता ताटात मांडाव्या. टेबलखुर्च्यांच्या पायांखाली नमद्याचे तुकडे चिकटवले की ओरखडेही टळतात. काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाने निघतात. पण ते विषारी आहे, म्हणून ते काम जाणत्या कारागिरावर सोपवावे.

खरी परीक्षा पावसाळ्यात होते. खिडकीतून झड आत आली, न्हाणीघराची ओल पसरली, म्हणजे काही दिवसांनी फळ्यांच्या कडा वर उचलल्या जातात आणि मध्य खोलगट होतो. सारी जमीन पन्हळी दिसू लागते. अशा वेळी घाबरून लगेच यंत्राने ती घासून सपाट करून घेणे, हा सर्वांत महाग उपाय ठरतो. कारण वर आलेल्या कडा तासल्या जातात, पुढे लाकूड वाळते, कडा आपल्या जागी खाली बसतात, आणि मग प्रत्येक फळीचा मध्य उंचवट्यासारखा वर राहतो. आधी ओलीचे मूळ शोधावे, ते बंद करावे, हवा खेळती ठेवावी आणि लाकूड पूर्ण वाळू द्यावे. यात कित्येक आठवडे जातील. पण अनेकदा जमीन स्वतःच बरीचशी पूर्ववत होते.

याच संदर्भात एक गंभीर गोष्ट जुन्या इमारतींत राहणाऱ्या श्रोत्यांना सांगावयाची आहे. लाकडातील ओल सुमारे २० टक्क्यांवर दीर्घकाळ राहिली की त्यात बुरशी वाढते आणि लाकूड कुजू लागते. तुळईचे जे टोक भिंतीत रुतलेले असते, ते सर्वांत शेवटी दिसते आणि पुष्कळदा सर्वांत आधी कुजते. विशेषतः ती भिंत न्हाणीघराची किंवा गळकी असेल तर. जमीन पायाखाली मऊ लागत असेल, एका बाजूला झुकत असेल, चालताना पूर्वी नव्हता असा हेलकावा जाणवत असेल, फळीतून बारीक पीठ गळत असेल किंवा भिंतीवर वाळवीची मातीची नळी दिसत असेल, तर हा प्रश्न पॉलिशाचा राहिलेला नाही. तेथे जाणत्या अभियंत्याला बोलवावे, आणि तोवर त्या खोलीत जड सामान व माणसांची गर्दी करू नये. जमीन रोज लक्ष देऊन पुसणाऱ्या माणसाला असा बदल सर्वांआधी कळतो. तो त्याने सांगितला आणि घरच्यांनी ऐकला, तर जीव वाचतील.

याउलट, जी जमीन नुसती काळवंडली आहे, ओरखडली आहे, ती गेली असे समजून उखडून टाकण्याची घाई करू नये. अखंड फळीची जाडी १८ ते २० मिलिमीटर असेल, तर ती तिच्या आयुष्यात अनेकदा घासून नवी करता येते. एका वेळी जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जाते. नव्या सदनिकांतील पुष्कळ जमिनींत मात्र वर अस्सल लाकडाचा पातळ पापुद्रा आणि खाली प्लायवूड असते. ती फार तर एकदोनदाच घासता येते. काही जमिनींवर तर लाकडाचे केवळ छापील चित्र असते. ती घासणे म्हणजे चित्रच पुसणे. म्हणून काम देण्याआधी ही चौकशी करावी. घासताना उडणारी धूळही निरुपद्रवी नसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली. कारागिराच्या नाकातोंडावर योग्य मुखपट्टी आहे की नाही, हे पाहणे घरमालकाचेही कर्तव्य आहे.

जुन्या सागवानाची कदर करण्यास आणखीही कारण आहे. केरळातील निलांबूर येथे १८४० च्या दशकात कॉनोली या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने सागाची लागवड सुरू झाली, आणि तिच्यातील काही वृक्ष आजही उभे आहेत. उत्तम लाकडासाठी लावलेला साग तोडीला येण्यास साधारणपणे ६० ते ८० वर्षे लागतात. ज्या ब्रह्मदेशी सागाच्या तुळया आणि फळ्या आपल्याकडील जुन्या घरांत दिसतात, त्या देशाने, म्हणजे आजच्या म्यानमारने, १ एप्रिल २०१४ पासून अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली. तेव्हा आज जी फळी आपण मोडीत काढतो, तिच्या तोडीची फळी उद्या मिळेलच असे नाही.

शेवटी, ही जमीन प्रत्यक्षात पुसतो कोण, हा प्रश्न उरतो. पुष्कळ घरांत ते काम बाहेरून येणाऱ्या मावशी करतात. त्यांच्या हातात आपणच बादली आणि फिनेल देतो, खोली लवकर उरकण्याची घाई आपणच करतो, आणि पावसाळ्यात फळ्या उचलल्या की दोष मात्र त्यांच्या माथी मारतो. लाद्या धुण्यात त्यांचे आयुष्य गेलेले असते. त्या सवयीत त्यांचा काही अपराध नाही. त्यांना एकदा शेजारी उभे राहून, आदराने, हे लाकूड पाणी कसे पिते ते थेंब टाकून दाखवावे. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले, त्यांना पुन्हा सांगावे लागत नाही. आणि या कामाला वेळ अधिक लागतो, हे ध्यानात घेऊन त्याचा मोबदलाही तसा द्यावा.

ज्यांच्या घरी लाकडी जमीन असेल, त्यांनी आज एवढेच करावे. दिवा लावण्यापूर्वी खोलीतून एकदा अनवाणी फिरावे. वाळू पायाला कुठे लागते, फळी कुठे दमट वाटते, पाय कुठे किंचित खाली जातो, हे तळपायाने पाहावे. मग सिलिंडर आणि कुंडी उचलून त्यांच्याखाली काय झाले आहे तेही पाहावे. एवढ्यानेच कळून येईल की, लाकडी जमिनीला पाणी थोडेच लागते, लक्ष मात्र फार लागते.